पार्बताबाईच्या पिठाची पुरचुंडी

लिहून ठेवणार सूर्यभान जानराव मेहरे, वय अडुसष्ट, जात माळी, धंदा दात भरणे व कवळी बसवणे, राहणार जठारपेठ, अकोला, मध्यप्रांत व वऱ्हाड. आज तारीख ४ फेब्रुवारी १९४७ रोजी दुकान बंद ठेवून, न्याहारी करून, मी हा कागद माझ्या हाताने लिहावयास घेतला आहे.

माझी शुद्ध जागेवर आहे. कोणी दाब दिलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेत नाही. उजव्या हाताला थोडा कंप आहे, म्हणून अक्षर वाकडे दिसेल, त्यावरून बुद्धी वाकडी समजू नये. बुद्धी वाकडी झाली होती ती तीन वर्षांपूर्वी, आणि तेव्हा माझे अक्षर अगदी सरळ होते.

वकीलसाहेबांनी बजावले की मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहा, पाल्हाळ नको. त्यांचे बरोबर आहे. पण कोणाला काय आणि ते का, हे लिहिल्याशिवाय माझी लेखणी पुढे सरकत नाही. शाळा माझी दुसऱ्या यत्तेपर्यंत. पुढचे सगळे ऐकून, पाहून आणि हात भाजून शिकलो. तेव्हा मजकूर घरगुती झाला तर कोर्टाने रागावू नये.

कलम १. जठारपेठेतील राहते घर, पुढचे दुकान, मागचे अंगण व बोरीची दोन झाडे ही सर्व माझी पत्नी मैनाबाई हिची. ती असेपर्यंत तिने राहावे, पुढे तिच्या मनाला येईल त्याला द्यावे. आम्हाला मूलबाळ नाही. चाळीस वर्षे तिने माझ्या रोग्यांना कोमट पाणी दिले, घाबरलेल्या बायांचे हात धरले, आणि मी कोणावर तोंड टाकले की दाराआड उभी राहून खाकरली. त्या खाकरण्याचा अर्थ "पुरे करा" असा होता. मी बहुतेक वेळा पुरे केले. एकदा केले नाही, त्याची हकिकत खाली येईल. घराबरोबर दारावरची पाटी मात्र जाणार नाही.

कलम २. हत्यारे. पायाने फिरवायचे कोरणयंत्र, आरसे, कोरण्या, पितळी खल, चांदीतला जादा पारा पिळून गाळण्याचे हरणाचे कातडे ही सर्व माझा भाचा उत्तमराव याची, कलम पाचमधली अट पाळली तर. हे यंत्र एका पारशी डॉक्टरसाहेबांचे. ते हिवाळ्यात दोन महिने अकोल्याच्या डाकबंगल्यात उतरायचे आणि मी त्यांच्या यंत्राचा पायटा मारायचो. सात हिवाळे मी पायाने यंत्र फिरवले आणि डोळ्याने विद्या घेतली. साहेबांना ते ठाऊक होते. म्हातारपणी यंत्र मला देऊन म्हणाले, "सूर्यभान, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगायला लाजू नको." यंत्र मी सांभाळले. ते वाक्य सांभाळले नाही.

दात उपटण्याचे तिन्ही चिमटे मात्र स्टेशनाजवळच्या लिंबाखाली बसून दात उपटणाऱ्या खुशालरावांना द्यावेत. त्यांचे-माझे वीस वर्षे वाकडे. मी त्यांना "उपट्या" म्हणायचो, ते मला "गिलावावाला". गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेताने ओरडायचे, "हा मेहरे दातात गिलावा करते बाप्पा! वर्षात पोपडे नाही निघाले तं माह्या मिशा कापजो!" खुशालरावांच्या मिशा शाबूत आहेत आणि राहाव्यात. चिमटे देताना उत्तमरावाने त्यांना माझ्या वतीने एवढेच सांगावे की पोपडे निघाले.

कलम ३. मसाला. हे कलम मी तीन दिवस टाळले.

दाताला कीड लागून खड्डा पडला की तो कोरून साफ करतात आणि आत काही घट्ट भरतात, म्हणजे अन्न अडकत नाही आणि कीड पुढे जात नाही. चांदीचा कीस आणि कथील पाऱ्यात मळून भरले तर ते काळपट दिसते, पण दाताच्या जोडीने टिकते. पांढरे सिमेंट भरले तर दिसायला दातासारखे, पण लवकर झिजते. लढाई लागली आणि विलायती डबे येणे थांबले. सिमेंट मिळेना, चांदी आवाक्याबाहेर गेली. लोक तर ठणकणारा गाल धरून ओट्यावर बसलेले. तेव्हा उरलेल्या सिमेंटमध्ये मी भाजलेल्या शंखाची आणि काचेची मैद्यासारखी बारीक पूड मिसळून स्वतःचा पांढरा मसाला केला. नाव ठेवले "सूर्यमसाला". स्वतःचे नाव दिले यातच पुढचे बरेचसे आले.

मसाला झिजतो किती, हे पाहायला मी एक यंत्र बनवले. शिलाईयंत्राचा पायटा, त्यावर पितळी वाटी, वाटीत मसाला भरलेली एक दाढ लाखेने बसवलेली, वरून दुसरी दाढ तिच्यावर घासणारी, आणि मध्ये पिठाचे ओले कालवण. दाढा काही मी कोणाच्या मुद्दाम काढल्या नाहीत. उपटलेल्या दाढांची बरणी दुकानात होतीच. चावे मोजायला भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे चाक लावले. वीस दिवस, रोज दीड तास, आळीपाळीने मी आणि मैनाबाईने पायटा मारला. एक लाख चावे झाले. मसाला कागदाच्या जाडीइतकासुद्धा झिजला नाही. मी पंजाबराव छापखानेवाल्यांकडे गेलो आणि पत्रके छापून आणली: "सूर्यमसाला. एक लाख चाव्यांची कसोटी. दहा वर्षे झिजणार नाही."

कसोटीत वापरलेले पीठ कोणते? तर आमच्या घरचे गव्हाचे, आणि तेही मैनाबाईने धोतराच्या फडक्यातून गाळलेले, कारण जाड पिठाने यंत्राची कडी अडकायची आणि करकर आवाज व्हायचा. मला तो आवाज आवडत नव्हता.

खेड्यातला माणूस काय खातो? घरच्या जात्यावर दळलेल्या ज्वारीची भाकर. जात्याचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने ठोकून तोंड पुन्हा खडबडीत करतात. टाकी लावल्यावर आधी मूठभर कोंडा दळून गुरांना टाकतात. तरीही पुढे चार-आठ दिवस पिठात दगडाची कच येत राहते. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. माझी आई पहाटे दळायची, आणि टाकी लावल्या दिवशी "आज कोंड्याचं दळण" म्हणायची. चाळीस वर्षे मी शेतकरी माणसांच्या तोंडात पाहत आलो. चाळिशीतच त्यांच्या दाढा सहाणेसारख्या सपाट झालेल्या असतात. मी त्या बोटाने चाचपायचो, "काय मजबूत दात!" म्हणायचो, आणि कशाने सपाट झाल्या हे एकदाही मनात आणले नाही. ज्याने दाढ झिजते त्याने माझा मसाला झिजणार नाही, असे मी जगाला छापून सांगितले.

इथपर्यंतची चूक अडाण्याची. तिची मला लाज वाटते, पण ती लाज घेऊन जगता येते.

कलम ४. सन १९४४ च्या जानेवारीत अमरावतीला शेतीमालाचे आणि हुन्नराचे प्रदर्शन भरले. मला दुकान मांडायला एक खोके मिळाले. यंत्र नेले, मैनाबाई पायटा मारायला बसली, लोक दाटीवाटीने पाहू लागले. चांदीचे पदक मलाच मिळणार अशी बातमी होती.

दुपारी एक बाई गर्दीतून पुढे आली. भातकुलीची पार्बताबाई, भाजीचा मळा करणारी, वय पस्तिशीचे. आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी तिची डावी खालची दाढ भरली होती. तिने नमस्कार केला, "दंडवत, मास्तर," आणि तोंड उघडून बोट लावले. "पाहा बरं. तुमचा मसाला कुठं गेला? वर्ष नाही झालं. दहा वर्षं सांगतले व्हते ना?"

मी पाहिले. खड्डा रिकामा होता. काठ गुळगुळीत, मसाला तळाशी नखाएवढा.

कोणी तरी मागून म्हणाले, "बाईनं मसाला भाजीत टाकून खाल्ला वाट्टे!" लोक हसले. माझ्या डोक्यात ते पदक होते. मी म्हणालो, "बाई, तंबाखू चघळते तू. मिसरी घासते. त्यानं गेला मसाला."

ती म्हणाली, "मी तंबाखूले हातबी लावत नाही, मास्तर. आमच्या घरात चालत नाही."

पार्बताबाईचे घराणे महानुभाव पंथाचे. तिने उपदेश घेतलेला. व्यसनाची कोणतीही वस्तू त्या घराचा उंबरा ओलांडत नाही, आणि उपदेश घेतलेल्याने तंबाखू खाल्ली तर ती साधी खोड राहत नाही, तो घेतलेला नेम मोडणे होते. हे मला ठाऊक होते. वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही?

मैनाबाईने पायटा थांबवला आणि खाकरली.

मी म्हणालो, "खोटं बोलून राहिली. दाढच सांगते. दाढ कधी खोटं बोलत नाही."

लोक पुन्हा हसले. तिच्या गावचे चार जण त्यात होते. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गेली. यंत्र थांबले होते म्हणून मी मैनाबाईवर ओरडलो.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई परत आली. भांडायला नव्हे. फडक्यात बांधलेली पिठाची पुरचुंडी तिने खोक्याच्या फळीवर ठेवली. "हे खातो आमी. जात्याले दिवाळीच्या आधी टाकी लावली व्हती, आता पुन्हा लावली. तुमच्या यंत्राले चारून पाहा." एवढे बोलून निघून गेली. ज्या बाईला मी खोटी म्हटले, तिने माझीच कसोटी मला शिकवली.

पदक मिळाले. अकोल्याला आल्यावर मैनाबाई देवळात गेलेली पाहून मी एकट्यानेच पुरचुंडी सोडली, वाटीत ते पीठ कालवले आणि पायटा मारला. करकर आवाज येऊ लागला. अडीच तासांत, नऊ हजार चाव्यांत मसाला निम्मा गेला. दुसरी दाढ बसवली, तेच. तिसरी बसवली, तेच. पीठ बोटांत चोळले तर बारीक कच हाताला लागली.

मग मी वाटी धुतली, पीठ परसात फेकले आणि तोंड बंद ठेवले. तीन वर्षे. लढाई आहे, दुसरे काही मिळत नाही, काहीच न भरण्यापेक्षा हे बरे, असे स्वतःला सांगत राहिलो. हे सगळे लोकांना सांगूनही मसाला भरता आला असता. "वर्षभर टिकेल, पुढच्या वर्षी या," एवढे म्हटले असते तर पुष्कळ दाढा वाचल्या असत्या. पण पाटीवर दहा वर्षे लिहिले होते आणि भिंतीवर पदक टांगले होते. पार्बताबाईची ती दाढ पुढे सडली आणि काढावी लागली.

मागच्या दिवाळीनंतर मी भातकुलीला गेलो. सांगायचे ठरवून गेलो. मळ्यात तिने मला बाजेवर बसवले, पाणी दिले. ओसरीत तिची सासू जयवंताबाई जाते ओढत होती. वय अठ्ठ्याहत्तर, हात थरथरत, अर्धे पीठ बाहेर सांडत. त्यांच्याकडून दर पौर्णिमेला आश्रमातल्या साधूंसाठी पीठ जाते, त्याला सेवेचे दळण म्हणतात. घरात धडधाकट सून असताना म्हातारी का दळते, हे मी विचारायच्या आत तीच बोलली.

"इच्या हातचं सेवेले चालत नाही, मास्तर. तुमीच तं सांगतलं ना सगळ्यांसमोर, तंबाखूचं? खरं व्हतं ना ते?"

पार्बताबाई दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "हं."

तो एक हुंकार. मसाल्याची चूक अज्ञानाची होती, प्रदर्शनातले बोलणे गर्वाचे होते, पण हा हुंकार कशाचा होता त्याला माझ्याजवळ शब्द नाही. निघताना पार्बताबाईने टोपलीभर वांगी दिली आणि म्हणाली, "काकूले सांगजा, भरून करा." मी ती वांगी घेऊन आलो. मैनाबाईने भरून केली. माझ्या घशाखाली उतरली नाहीत, आणि का ते तिला मी त्याच जागी, ताटावर बसून सांगितले. ती इतकेच म्हणाली, "मी तवा खाकरली व्हती."

कलम ५. म्हणून माझी इच्छा अशी.

सूर्यमसाल्याची कृती मी कोणालाही देत नाही. कृतीची वही चुलीत घातली आहे. उरलेली पत्रके पंजाबरावांनी परत घेऊन कोऱ्या बाजूवर माझी कबुली छापून द्यावी, तिचा मजकूर या कागदाला जोडला आहे. दारावरची पाटी उतरवून तिचे फळकुट मैनाबाईने कशालाही वापरावे.

उत्तमराव हा माझा भाचा, बहिणीचा मुलगा, वय तीस, हात माझ्यापेक्षा हलका. दहा वर्षे माझ्याजवळ शिकला. त्याची सगळी मदार त्या मसाल्यावर होती, हे मला कळते. वही चुलीत घातली त्या दिवशी तो कोपऱ्यात बसून म्हणाला, "मामा, मसाला गेला तं दुकानात राहिलं काय? लोक मले इचारतीन, मामानं फसवलं अन् भाचा आला काय आता? माह्या लेकरायनं काय खावं?"

मी म्हणालो, "ज्वारीची भाकर खावी. अन् ती खाऊन दात कसा टिकते ते पाहावं."

त्याला हसू आले नाही. बरोबर आहे त्याचे. तेव्हा त्याच्यासाठी अट अशी. माझ्या दाताच्या वहीत मसाला भरलेल्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव आणि कोणती दाढ हे लिहिले आहे, नावे चारशेच्या घरात. उत्तमरावाने अकोला, अमरावती आणि आसपासच्या बाजारांत बसून या माणसांना शोधावे, दाढ पाहावी, आणि झिजली असेल तर चांदीने भरून द्यावी, काही न घेता. पहिले वाक्य हे बोलावे: "माह्या मामाचा मसाला खोटा निघाला, म्हणून आलो." हे वाक्य गिळून नुसते काम केले तर हत्यारे त्याची नाहीत. आणि इथून पुढे कोणताही नवा मसाला वापरायचा झाला तर आधी तो भाकरीच्या पिठाने घासून पाहावा, ज्याच्या दातात भरायचा त्याच्या घरच्या पिठाने. करकर आवाज ऐकावा. मी तो ऐकायला नको म्हणून फडके लावले होते.

ही अट जड आहे. पण उत्तमरावा, तू जर हे वाक्य चारशे वेळा बोललास तर वऱ्हाडात तुझ्या शब्दावर कोणी संशय घेणार नाही. मसाल्यापेक्षा ते जास्त टिकेल. तुझ्या लेकरांची काळजी मी याच हिशेबाने केली आहे.

कलम ६. चांदी. एवढ्या दाढांना चांदी कुठून आणावी याचा विचार करत मी बसलो होतो. मैनाबाईने पेटीतून लग्नातले वाळे काढून माझ्यापुढे ठेवले. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "पायात घालून मी आता कुठं नाचाले जाऊन राहिली? कानस लावा. लोकायच्या तोंडात जाऊ द्या." तेव्हा वाळ्यांची चांदी या कामी. ती तिची आहे, माझी नाही, हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी याला सूर्यभानाचे दान म्हणणार नाही. पोस्टातली शिल्लक मैनाबाईची.

कलम ७. प्रदर्शनाचे चांदीचे पदक, आणि पोस्टातल्या शिलकेचा चौथा हिस्सा, मैनाबाईच्या संमतीने, पार्बताबाई भ्रतार शेषराव खारोडे, राहणार भातकुली, यांना द्यावा. माझ्या मरणानंतर उत्तमरावाने कलम चार त्यांच्यापुढे आणि जयवंताबाईंपुढे मोठ्याने वाचावे. मी त्यांना खोटे म्हटले, त्या खऱ्या होत्या.

येथे मृत्युपत्र संपवायचे होते.

तारीख ९ फेब्रुवारी. पुढचा मजकूर वाढवतो.

कलम सातमध्ये पार्बताबाईंचे आणि नवऱ्याचे नाव अचूक भरायचे म्हणून तेवढी जागा कोरी ठेवून मी उत्तमरावास भातकुलीला पाठवले होते. नाव विचारून यायचे, बाकी काही बोलायचे नाही, असे बजावले होते. तो आज बाईंनाच घेऊन आला. म्हणाला, "मामा, थे इचारत व्हत्या, माहं नाव कशाले पायजे. मले खोटं बोलता नाही आलं." शिक्षण सुरू झाले म्हणायचे.

मैनाबाईने चहा केला. उत्तमरावाने कलम तीनपासून सातपर्यंत वाचून दाखवले. मी भिंतीकडे पाहत बसलो. पार्बताबाई उजव्या बाजूनेच चावतात, हे बिस्किट खाताना मला दिसले.

वाचून झाल्यावर त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग विचारले, "हे कधी वाचनार माह्या सासूपुढं?"

उत्तमराव म्हणाला, "मामा गेल्यावर."

"म्हंजे कधी?"

उत्तमरावाने माझ्याकडे पाहिले.

"माही सासू अठ्ठ्याहत्तरची हाय. मास्तर अडुसष्टचे. आधी कोन जाईन, सांगता येते काय? थे आधी गेली तं मी तिच्यासाठी तंबाखू खानारीच राहिली ना जलमभर?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, खरं बोलाले तुमाले मरा लागते काय? अन् मी काय करू तोवर? तुमच्या मरणाची वाट पाहू? तसं पाप काहून लावता माह्या मागं?"

मला वाटले होते की हा कागद लिहून मी मोकळा झालो. खरे पाहता मी तिसऱ्यांदा तेच केले होते. एकदा पीठ परसात फेकले, एकदा हुंकार भरला, आणि आता खरे बोलणे स्वतःच्या चितेच्या पलीकडे नेऊन ठेवले, जिथे मला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

पदकाबद्दल म्हणाल्या, "थे घासून टाका वाळ्याच्या चांदीत. पैसे तर मले मुळीच नको." मग काय पाहिजे, असे मैनाबाईने विचारले. पार्बताबाईंनी विचारले, "या कागदावर साक्षीदार कोन?"

मी म्हणालो, अजून कोणी नाही. वकीलसाहेबांनी सांगितले आहे की ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नका, उद्या कोणी बोट दाखवेल.

"मंग माहं नाव घेनाऱ्यात नका ठेवू, साक्षीत ठेवा. त्या दिवशी चार गावासमोर माह्या बोलन्याले किंमत नव्हती. आता तुमचं बोलनं खरं हाय, यासाठी माहा अंगठा लागू द्या."

म्हणून कलम सात याने रद्द. पदक कलम सहामध्ये वर्ग.

सही आज करत नाही. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही चौघे निघतो.

तारीख १० फेब्रुवारी १९४७, मुक्काम भातकुली, पार्बताबाईंची ओसरी.

बडनेऱ्याला गाडी बदलताना मला दोनदा वाटले की परत फिरावे. मैनाबाई शेजारी होती. ती खाकरली नाही, पण घसा साफ करायची तयारी दिसली. मी चालत राहिलो.

जयवंताबाई जात्यापाशी होत्या. शेजारचे पाच-सहा जण जमले. मी उभा राहून कलम चार वाचू लागलो. "हं" इथपर्यंत आलो आणि अक्षरे दिसेनाशी झाली. कागद घडी करून तोंडाने सांगितले, "जयवंताबाई, तुमी मले इचारलं व्हतं, खरं व्हतं काय. थे खोटं व्हतं. मी खोटं बोललो, दोन डाव. तुमच्या सुनेनं तंबाखू कधी खाल्ली नाही. माहा मसाला कच्चा व्हता."

म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मला वाटले शिव्या देईल. मी त्यासाठी उभा होतो. तिने जात्याचा खुंटा सोडला, हात पदराला पुसले, भिंतीला धरून उठली आणि जात्यापासची जागा मोकळी केली.

"पार्बता," ती म्हणाली, "पुनवेचं दळण उरलं हाय. बस. टाकी नवी हाय, पहिले कोंडा दळजो."

पार्बताबाई बसल्या. त्यांनी आधी कोंडा दळला. तो आवाज मी उभा राहून पूर्ण ऐकला. मग हात धुऊन त्यांनी अंगठा दिला. दुसरा साक्षीदार कोण, असे उत्तमरावाने विचारले तर जयवंताबाईंनी स्वतःहून डावा हात पुढे केला.

वरील सर्व मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, आज दोन्ही साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही करतो. यापूर्वी मी कोठे काही लिहिले असेल किंवा छापले असेल, ते या कागदापुढे खोटे समजावे.

सही: सूर्यभान जानराव मेहरे

साक्षीदार:
१. पार्बताबाई भ्रतार शेषराव खारोडे, भातकुली. डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी, पिठाचा हात धुऊन दिली.
२. जयवंताबाई, वरीलची सासू, भातकुली. डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी.

निशाणी ओळखून नावे लिहिणार: उत्तमराव, भाचा.

मुक्काम भातकुली, तालुका अमरावती, मध्यप्रांत व वऱ्हाड. तारीख १० फेब्रुवारी १९४७.